वेशीबाहेरचा माणूस

रझाकारांनी शेजारचं बोरी गाव जाळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावानं राखणीची सगळी जोखीम दुकानदार लिंगराजअप्पांवर टाकली. तागडी सोडून अप्पांनी आजवर हातात काही धरलेलं नव्हतं. म्हणून ब्रह्मदेशाच्या लढाईहून परतलेल्या आश्रुबा हवालदाराला त्यांनी बोलावून घेतलं.

"बोरीच्या वाटंवर एक माणूस ठिवा," आश्रुबा म्हणाला. "टोळी दिसली की त्यानं हाळी द्यायची, अन् आपण वेस लावून घ्यायची. पर अप्पा, त्यो मग आत येत न्हाई."

अप्पांची मान खाली गेली. "माझ्या पोराला, विरूपाक्षाला ठिवतो."

"त्याचा आवाज दुकानाच्या पायरीपस्तोर जात न्हाई. लाजेखातर गाव घालवू नका."

सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अप्पांना आश्रुबाकडं बघवेना. "मग तूच सांग बाबा. फौजेत तू होतास."

"कसं लढायचं ते मी सांगितलं. नाव तुमी घ्यायचं. गावानं तुमाला नेमलंय."

अप्पांनी आश्रुबाकडं पाहिलं. मग अप्पा म्हणाले, "तुझा व्यंकटी."

आश्रुबानं ताठ उभं राहून सलाम ठोकला. "आता त्याच्या आईला सांगायला तुमीच चला. लढाईहून आलो तवा मेलेल्या पोरांच्या आयांना मीच सांगत फिरलो, अप्पा. त्यांना पुढं धाडणारा सायब एकाबी उंबऱ्याला आला न्हाई."