चुकीची टाळी

गोडदेव भागातल्या वन रूम किचनमध्ये उदय भिंतीतल्या कपाटात बसून एका ॲपसाठी गूढकथा वाचतो. लटकवलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. वाचताना जीभ अडखळली की तो एक टाळी वाजवतो आणि ते वाक्य पुन्हा म्हणतो. नंतर टाळी ऐकून चूक कापता येते.

आज तो कुठेच अडखळला नव्हता, तरी रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या होत्या. संध्याकाळपर्यंत कथा पोचली नाही, तर अख्खी मालिका दुसऱ्या वाचकाकडे जाणार होती.

उदयचा हिशेब सरळ आहे. जमलं ते त्याचं, बिघडलं ते बायकोचं.

"टाळ्यांची एवढी हौस असेल तर खाली गरब्यात जा ना," तो संध्यावर खेकसला.

"माझे हात कणकेत होते. तूच चुकला असशील."

"मी चुकलो नाही."

"तू कधी चुकलायस? सरक आत. मी वाचते, तू माझे हात धरून बस."

दोघं कपाटात कशीबशी मावली. दार ओढून घेतल्यावर उदयने तिची मनगटं आवळली.

"अजून आवळ," ती फणकारली आणि वाचू लागली.

पहिलं पान सुरळीत गेलं. "बघ, आता कशी नाही वाजत," उदय कुजकट हसला.

संध्याने दातओठ खात पुढचं वाक्य वाचलं.

"त्या बंद जागेत ती दोघंच होती."

त्यांच्या पाठीमागे, कपड्यांच्या आतून, टाळी वाजली.