समाधीचा दगड

गौराबाईंची समाधी असलेला चुडाव्याचा मळा वायनरीला विकताना विरेशनं गळ्यातलं लिंग हातात धरून शब्द दिला होता, "आप्पा, माईच्या समाधीचा एक दगड हलू देणार न्हाई." तेव्हा कुठं सांबप्पांनी मान डोलावली.

आज संध्याकाळी लेक त्यांना विक्रीनंतर पहिल्यांदाच तिथं घेऊन गेला. परभणीहून वाइन चाखायला आलेल्या पाहुण्यांमधून अंग चोरत, खिशातली बेलाची पानं जपत, सांबप्पा बायकोची समाधी शोधू लागले.

"हिकडं या आप्पा," विरेशनं हौसेनं हाक मारली. "बघा, शब्द पाळला का न्हाई?"



समाधीचा एकही दगड हलला नव्हता. फक्त वर पांढरी चादर अंथरून वाइनचे पेले मांडले होते.