नुसतं बटण

सहलीचे फोटो बघताना मी पुन्हा विषय काढलाच. "प्रत्येक फोटोत मी धूसर आणि माझी धाकटी बहीण मात्र लख्ख. पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात! असं कसं?"

"अगं, फोकस कॅमेराच धरतो आपोआप. मी नुसतं बटण दाबतो," नवरा म्हणाला. "सख्ख्या बहिणीवर कसली जळतेस?"

खजील होऊन मी कॅमेरा उचलला. "बरं, हस. तुझा एक काढते."

डोळा लावून बटण दाबलं. सगळं धूसरच.

"आपोआप कुठे धरतोय हा?"

केसांवरून हात फिरवत तो सवयीने बोलून गेला, "या लेन्सला ऑटो नाहीच मुळी. पुढची रिंग हाताने फिरव."

मी रिंग फिरवली. त्याचा चेहरा स्पष्ट झाला, तोवर त्यावरचं हसू गेलं होतं.