मिठाचं कौतुक

टीव्हीवरच्या त्या दाढीवाल्या माणसाने ओव्हनमधून काढलेला केक स्वतःच्याच बुटांवर पालथा घातला, तेव्हा एकनाथरावांच्या अमेरिकेतल्या, एडिसनच्या घरात जमलेली सगळी मंडळी खो खो हसली. सगळ्यांत जास्त हसल्या त्या त्यांच्या बायको, कांचनकाकू. "अगंबाई, काय हा वेंधळा!" म्हणत त्यांनी पदराने डोळे पुसले.

पुढचा नंबर त्यांचाच होता.

घरी स्वयंपाक करणाऱ्यांची स्पर्धा होती ती. शूटिंग मे महिन्यातच उरकलं होतं आणि काकू पहिल्याच फेरीत बाद झाल्या होत्या. पण कार्यक्रम दिसेपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. काकूंनी ती नवऱ्याच्या बाबतीतही पाळली. अट म्हणजे अट! त्यामुळे एकनाथरावांनी हौसेने अर्धं महाराष्ट्र मंडळ जेवायला बोलावलं. येऊ देत, काकूंना वाटलं. हरतं कुणीही, त्यात काय एवढं? मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य वर्षानुवर्षं त्यांच्या हातचा असायचा, आणि गणपती आता तोंडावर आले होते. त्यांच्या लेखी खरा मान तो. टीव्हीचं काय घेऊन बसलात!

पण आपण पडद्यावर दिसताच सर्कशीतला विदूषक आल्यासारखं भोंग्याचं संगीत वाजेल, हे काही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्यावरच्या काकूंनी परीक्षकापुढे भरली वांगी ठेवली. त्याने घास घेतला, चावता चावता थांबला, घास कागदी रुमालात काढला आणि घटाघटा पाणी प्यायला. हे पुन्हा दाखवलं. मग पुन्हा, सावकाश.

"डिड यू टेस्ट इट?" परीक्षकाने विचारलं.

"नो!" पडद्यावरच्या काकू अभिमानाने म्हणाल्या. "फर्स्ट गेस्ट. देन मी."

पुन्हा भोंगा. सोफ्यावर बसलेला मंडळातला प्रताप फस्सकन हसला आणि बायकोने कोपर मारल्यावर खोकायला लागला.

"आई, यू कुड हॅव जस्ट टेस्टेड इट!" त्यांची कॉलेजातली लेक आश्लेषा कळवळून म्हणाली.

"आणि उष्टं वाढायचं पाहुण्याला?" काकू म्हणाल्या. "मीठ बरोबरच होतं गं. तो मेला कॅमेरावाला म्हणाला, नीट दिसलं नाही, पुन्हा टाकून दाखवा. मी टाकलं."

"खरंच पुन्हा टाकलंस? खरं मीठ?"

"मग काय खोटं टाकू?"

यावर खरं तर सगळे हसले असते. पण काकूंचा चेहरा बघून कुणाचं धाडस झालं नाही. काकूंना आपल्याच घरात मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. टीव्ही बंद करून त्यांनी पानं घेतली.

आज त्यांनी मुद्दाम भरली वांगीच केली होती. एरवी वाढायचा अवकाश, की ही माणसं तुटून पडायची. आज पानं वाढून झाली तरी जो तो पोळीचा तुकडा मोडत, वरणात बोट बुडवत बसला. शेवटी सगळ्यांच्या नजरा प्रतापकडे वळल्या. त्याने चमच्याच्या टोकावर नखाएवढा मसाला घेतला, जिभेला लावला आणि क्षणभर डोळे मिटले.

"काकू, मीठ एकदम परफेक्ट!"

"हो हो, अगदी बरोबर!" सगळे एकदम बोलू लागले. "काय मीठ पडलंय काकू! वा!"

इतक्या वर्षांत काकूंच्या मसाल्याची तारीफ झाली होती, पुरणाची झाली होती, हाताच्या चवीची तर नेहमीच. मिठाचं कौतुक आज पहिल्यांदाच होत होतं. त्यांना ते फार लागलं.

आणि आता मंडळाच्या सेक्रेटरीने, सुनेत्राने, घसा साफ केला. "काकू, एक बोलायचं होतं. यंदा नैवेद्याची दगदग तुम्हाला नको. किती वर्षं करताय! ओक ट्री रोडवर एक केटरर आहे, त्याच्याशी बोलू का आम्ही?"

कुणी मान वर केली नाही. एकनाथराव उगाचच पाणी आणायला उठले.

सुनेत्रा नको नको म्हणत असतानाच काकूंनी तिच्या पानात आणखी एक वांगं वाढलं.

"बोल की," त्या म्हणाल्या. "फक्त त्याला एवढं विचारून घे, बाप्पाच्या आधी तो चाखून बघणार आहे का."