शून्याचं निम्मं

कटिंग मशीन इतक्या जोरात चाललं होतं की माझ्या दिराला ओरडूनच सांगावं लागलं, "वहिनी, या मशीनची किंमत शून्य आहे!"

माझा नवरा जाऊन महिना झाला होता आणि दोघा भावांच्या छापखान्याची वाटणी चालली होती, निम्मी-निम्मी. लोण्यात सुरी फिरावी तसं ते मशीन वह्यांचे गठ्ठे कापत होतं. गेल्या महिन्यापर्यंत हेच भाऊजी गिऱ्हाइकाला हाताला धरून आत आणायचे आणि "असं मशीन गावात दुसरं दाखवा" म्हणून छाती फुगवायचे.

"वापराने वस्तू झिजते, म्हणून दरवर्षी हिशेबात तिचा घसारा धरतात," ते मला लहान मुलाला समजवावं तसं सांगत होते. "घसारा वजा होऊन होऊन आता काही उरलंच नाही. शून्याचं निम्मं काय देऊ तुम्हाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी, नक्की शून्य? नंतर शब्द फिरवाल."

"अहो, हिशेबनीस बसलेत समोर, त्यांना विचारा!"

हिशेबनिसांनी मान डोलावली. "शून्यच. मीच काढलीय किंमत."

मी उठले, मशीनचं बटण बंद केलं आणि त्या शांततेत माझ्या भावाला फोन लावला.



"दादा, मोठा टेम्पो घेऊन ये. भाऊजींचं निम्मं मशीन मी आत्ताच शून्याला विकत घेतलं."