मुकादमाचं तोंड

“ए लंगडे, मुडदा पडला का तुझा? उचल की ती पाटी!”

सुकडी वाटता वाटता साराचा हात थांबला. मुकादम पुंजारामचं हे ओरडणं ती कामाला लागल्यापासून रोज ऐकत होती, पण अजून कानांना सवय झाली नव्हती. दर वेळी नासकं काही तोंडात गेल्यासारखं वाटायचं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कर्जतच्या पुढे माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि आसपासच्या गावांतली माणसं माती वाहायला येत होती. त्यांना दुपारी सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारा पिठाचा कोरडा खाऊ, वाटायची, हे साराचं काम. त्या पगारावर घर चाललं होतं. वडील, गिदोन मास्तर, अंथरुणाला खिळले होते. मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला नावाशिवाय हाक मारली नव्हती. गावातल्या झाडूवाल्यालाही ते नाव घेऊन ‘अहो’ म्हणत.

आणि इथे पुंजारामच्या तोंडी कुणाला नावच नव्हतं. कुणी टकल्या, कुणी काळी, कुणी जातीवरून. सगळ्यात जास्त वाट्याला यायचं ते बनुबाईच्या. म्हातारी एका पायाने अधू होती. लंगडी, थेरडी, भुईला भार, असं काय वाट्टेल ते तो तिला म्हणायचा आणि ती खाली मान घालून पाटी उचलायची.

स्वतः मात्र पांढऱ्याशुभ्र धोतरात बांधावर उभा. मूळचा खर्ड्याकडचा, जमीनजुमलेवाला. दुष्काळाने इकडे आणला, पण ऐट तसूभर कमी झाली नव्हती. तलावाजवळच एका खोपटात तो राहायचा.

“आमच्या घरच्या बायांनी कधी उंबरा वलांडला न्हाई,” मिशीवर ताव देत तो बायकांना ऐकवायचा. “न्हाईतर तुमी! मातीत लोळताय.”

बनुबाई सुकडी घ्यायला आली. निम्मी खाऊन निम्मी तिने पदरात बांधली, नेहमीसारखी.

“पोटभर खा ना, बनुबाई.”

“रातच्याला हुईल, बाई.”

“तुमचं कुणी नाही का हो?”

“हाय की. ल्योक हाय, एकुलता एक.” म्हातारीचा चेहरा उजळला. “लई मोठ्या कामावर हाय. सायबासंगं बोलतो.”

“आई इथे माती वाहते, हे त्याला माहीत आहे?”

“हाय.”

“आणि चालतं त्याला?”

बनुबाईने पदराची गाठ पुन्हा घट्ट केली. “त्याचं बी पोट हाय, बाई. लांबची मानसं आमी. हितं कोन वळखतंय आमाला?”

साराला त्या लेकाचीही मुकादमाइतकीच किळस आली. तिने तिथल्या तिथे ठरवलं. तपासणीला साहेब आले की सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

दोन दिवसांनी साहेबांची जीप आली. साराने सगळं सांगितलं, शिव्यांसकट. त्या उच्चारताना तिची जीभ अडखळली. साहेबांनी बनुबाईला बोलावून घेतलं. सगळं काम थांबलं.

“काय गं म्हातारे, हा मुकादम तुला शिव्या देतो?”

साहेबांचं ते ‘काय गं’ साराला खुपलं. पण आता म्हातारी बोलेल, म्हणून तिने तिकडे दुर्लक्ष केलं.

बनुबाईने एकदा पुंजारामकडे पाहिलं. “न्हाई सायेब. देवमानूस हाय.”

पुंजारामने हात जोडले. “सायेब, आईसारखी हाय ती मला. तिला मी वंगाळ बोलंन व्हय?”

बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

“बाई, खोट्या तक्रारी करणारी माणसं मला कामावर नकोत,” साहेब साराला म्हणाले. “उद्यापासून येऊ नका. सुकडीच्या कोठीची किल्ली संध्याकाळी मुकादमाकडे द्या.”

जीप धूळ उडवत गेली. धूळ खाली बसायच्या आत पुंजाराम गरजला, “ए लंगडे, तोंड काय बघतीस? उचल पाटी!”

साराला रडू फुटत होतं आणि त्याहून जास्त संताप. ती बनुबाईला आडवी गेली. “का खोटं बोललात? कसली आई असेल हो त्याची, जिने असली जीभ दिली! जन्मल्या जन्मल्या नरडं का नाही दाबलं तिने त्याचं?”

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. मास्तरांच्या लेकीच्या तोंडी हे शब्द!

बनुबाईचे डोळे भरून आले. “त्याच्या आईला नका बोलू, बाई,” एवढंच म्हणून ती पाटीखाली वाकली.

दिवेलागणीला सारा किल्ली घेऊन खोपटाकडे गेली. दाराला पोत्याचा पडदा होता. आतून आवाज आला, पुंजारामचाच, पण ओळखू येऊ नये इतका मऊ.

“लई ठनकतंय का गं आई? जरा कळ काढ. पानी कोमटच हाय.”

सारा जागच्या जागी थबकली. म्हणजे या माणसाला आई होती, आणि तिच्याशी बोलायला निराळी जीभही होती. ही जीभ माळावर येताना तो घरी ठेवून येत होता तर. तिने पडदा बाजूला सारला.

भिंतीला टेकून बनुबाई बसली होती. तिचा सुजलेला पाय घमेल्यात होता आणि पुंजाराम गुडघ्यांवर बसून तो हळूहळू चोळत होता. शेजारी त्याच्या ताटलीत निम्मी सुकडी होती.

पुंजारामने वर पाहिलं. दारात सारा दिसताच त्याने पाय सोडला आणि ताडकन उठला. घमेलं कलंडलं.

“ए लंगडे!” तो ओरडला. “कुनी घेतलं गं तुला घरात? चल, नीघ!”

बनुबाई भिंतीला धरून उठली, ओला पाय ओढत दाराशी आली आणि साराकडे न बघता म्हणाली, “चुकलं, मुकादम.”