दातातलं पाणी

तपासनिसाने यंत्राची नळी बाहेर काढली, तरी वैजयंता तोंड मिटायचं विसरली. समोरच्या काचेवर तांबडी अक्षरं उमटली होती: खाडीकाठ.

“काहीतरी चुकलंय. मी इथलीच आहे,” ती म्हणाली.

“दात चुकत नाहीत, ताई,” तो हळू आवाजात म्हणाला. “लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण त्यांत जन्मभर राहते.”

समुद्राने किनारा गिळल्यापासून माणसं घाट चढून वर येत होती आणि धरणाचं पाणी कुणालाच पुरत नव्हतं. बाहेरच्यांना हुडकून खाली पाठवा, असं ग्रामसभेत सगळ्यांत ठासून वैजयंताच बोलली होती. त्यानंतरच हे यंत्र गावात आलं.

घरी आई तांदूळ निवडत होती. वैजयंताने विचारलं तसे तिचे हात थांबले.

“घर बुडालं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. इथे आलो, तर कुणी काही विचारलं नाही. मग आम्हीही सांगितलं नाही.”

“मी सभेत बोलणार होते, तेव्हा तरी सांगायचंस.”

“तेव्हा मला तुझीच भीती वाटली गं,” आई म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या पार्वतीकाकू नातीला घेऊन दारात आल्या.

“झाली का गं तपासणी? आपल्या गल्लीत निघालं का कुणी बाहेरचं?”

आईने वैजयंताकडे बघत मान हलवून नको म्हटलं. वैजयंता उठून दारापर्यंत गेली.

“निघालं, काकू. मीच.”

काकू पायरी उतरून मागे सरकल्या आणि त्यांनी आपल्या नातीचा हात घट्ट धरला.